पावसासोबत किती खत पडतं?

मोसंबीच्या बागेत, सरकीच्या तासात, चुलीपुढं किंवा दळणाच्या रांगेत, जिथं असाल तिथून ऐका. आजचा विषय जरा वेगळा आहे. नाव ऐकून घाबरू नका, कारण सगळा मामला जमाखर्चाचा आहे आणि जमाखर्च आपल्याला चांगला कळतो.

आपल्याकडे सगळेच म्हणतात, विहिरीचं पाणी कितीही द्या, पावसाच्या पाण्याची सर त्याला येत नाही. आठ दिवस मोटर चालवून जे पीक माना टाकून उभं असतं, ते एका सरीनं हिरवंगार होतं. म्हाताऱ्या बाया म्हणतात, "वरच्या पाण्यात खत असतं." आता हे खरं आहे का? असेल तर किती? एकरी पोतंभर, पायलीभर की चिमूटभर? आणि ते मोजायचं कसं?

खत म्हणजे इथं नत्र. युरियाच्या गोणीत असतं ते. झाडाची पानं हिरवी ठेवतं ते. आता गंमत बघा. आपण श्वास घेतो त्या हवेत १०० पैकी ७८ भाग नत्रच आहे. म्हणजे आपल्या एकरभर रानावर आभाळापर्यंत नत्राचा ढीग उभा आहे. पण पिकाला तो खाता येत नाही. कुलूप लावलेली कणगी असावी तसं आहे. दाणे भरपूर, पण हाताला काही लागत नाही.

या कुलपाच्या किल्ल्या तीन. पहिली किल्ली विजेची. आभाळात वीज कडाडते तेव्हा तिच्या उष्णतेनं थोडं नत्र मोकळं होतं आणि पावसात विरघळून खाली येतं. दुसरी किल्ली तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींची. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र झाडाला खाऊ घालतात. खुरपताना सोयाबीनचं एखादं झाड उपटून गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी-लाल दिसली तर समजा कामगार हजर आहेत. हिरवट किंवा पांढरी दिसली तर काम बंद आहे.

तिसरी किल्ली माणसानं केली. जर्मनीत फ्रिट्झ हाबर नावाच्या शास्त्रज्ञानं हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. आपला युरिया याच वाटेनं येतो. या शोधानं जगाचं पोट भरलं, यात शंका नाही. पण कुलूप उघडून बाहेर काढलेलं नत्र सगळं पिकात जात नाही. काही हवेत उडतं, काही पाण्यात झिरपतं. हवेत उडालेलं पुन्हा कुठं तरी खाली पडतं. आपल्या रानात, शेजारच्या रानात, तळ्यात, जंगलात. हे किती पडतं ते मोजण्याचं काम जगभर चालतं, आणि आपल्या महाराष्ट्रातही चालतं.

हा प्रश्न म्हाताऱ्या बायांनाच पडला होता असं समजू नका. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञ यावरून भांडले होते. जर्मनीतले लीबिग म्हणायचे, पिकाला लागणारा अमोनिया हवेतून आणि पावसातून मिळतो, वरून नत्र देण्याची गरज नाही. इंग्लंडमधल्या रोदमस्टेड इथले लॉज आणि गिल्बर्ट म्हणाले, नुसतं बोलून काय होणार, मोजून बघू. १८५३ च्या सुमारास त्यांनी शेतात एक भलामोठा पर्जन्यमापक बांधला. एकराच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे साधारण ४३ चौरस फुटांचा. एका लहान खोलीएवढं नरसाळंच म्हणा. त्यात पडलेलं पाणी गोळा करायचं आणि त्यातलं नत्र तपासायचं. उत्तर आलं एकरी, वर्षाला, दोन-तीन किलोच्या आसपास. गव्हाच्या पिकाला ते फार कमी होतं. वाद मोजमापानं मिटला. रोदमस्टेडचे शेतीतले प्रयोग १८४३ मध्ये सुरू झाले, ते अजून चालू आहेत.

आता आपण आपला हिशेब मांडू. हिशेब सोपा आहे, मनात करत चला. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. एका एकरात अशा साधारण ४,००० जागा बसतात. आपल्या जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस धरा. म्हणजे एकरावर पडलं २८ लाख लिटर पाणी. हिशेबासाठी समजा, त्या पावसाच्या प्रत्येक लिटरमध्ये एक मिलीग्रॅम नत्र आहे. मग २८ लाख मिलीग्रॅम झालं, म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम.

आता गोणीशी तुलना करा. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २० किलोच्या थोडं वर. आपल्या हिशेबात वर्षभराच्या पावसानं दिलं पावणेतीन किलो. म्हणजे सहा किलो युरियाएवढं. म्हाताऱ्या बाया खोटं बोलत नव्हत्या. पावसात खत असतं, पण ते मूठभर असतं, पोतंभर नसतं.

मग एका सरीनं पीक इतकं कसं हसतं? त्याला दुसरी कारणं आहेत. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. पाऊस सगळीकडं सारखा भिजवतो, मोटरचं पाणी तासातासानं फिरतं. पानावरची धूळ धुऊन निघते, हवा थंड होते. आणि मोठं कारण म्हणजे वाळलेली माती भिजली की तिच्यातले जिवाणू जागे होतात आणि मातीतच अडकलेलं नत्र मोकळं करतात. म्हणजे बरंचसं खत आपल्याच मातीतलं असतं. पाऊस फक्त ताट वाढतो. शेणखत आणि पालापाचोळा घालून माती जिवंत ठेवली असेल तरच त्या ताटात काही असतं.

आता मोजतात कसं ते ऐका. बादली ठेवली, पाणी धरलं, तपासलं, एवढंच असेल असं वाटतं. पण उघडी बादली ठेवली तर पाऊस नसतानाही तिच्यात धूळ पडते, पाखरू बसून घाण करतं, पान पडतं. पाखराच्या विष्ठेत भरपूर नत्र असतं, तेवढ्यानं सगळा हिशेब बिघडतो. म्हणून एक खास डबा करतात. त्याला झाकण असतं. पावसाचा पहिला थेंब पडला की झाकण आपोआप उघडतं, पाऊस थांबला की मिटतं. त्यामुळं फक्त पावसातलं नत्र कळतं. शेजारी दुसरा डबा कायम उघडा ठेवतात, म्हणजे कोरड्या दिवसांत धुळीबरोबर काय पडतं त्याचा अंदाज येतो.

पाणी धरल्यावर ते तसंच उन्हात राहिलं तर त्यातले जिवाणू नत्र खाऊन टाकतात. दूध नासतं तसं. म्हणून ते लगेच थंड जागी ठेवतात किंवा त्यात जिवाणू मारणारं औषध थोडंसं घालतात. मग प्रयोगशाळेत अमोनियाच्या रूपातलं नत्र किती आणि नायट्रेटच्या रूपातलं किती, हे वेगवेगळं मोजतात. ही दोन रूपं वेगळी मोजण्याला कारण आहे. अमोनिया मुख्यतः शेण-मूत्र आणि युरियातून उडतो. नायट्रेट मुख्यतः गाड्या, कारखाने, कोळसा आणि जाळपोळीच्या धुरातून येतं. म्हणजे पावसाच्या पाण्यावरून आभाळात कुणी काय टाकलं त्याचा माग लागतो.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं वर्षानुवर्षं केलं आहे. १९८४ ते २००२ या काळातल्या पुण्याच्या पावसाचा अभ्यास तिथल्या शास्त्रज्ञांनी छापला आहे. भारतीय हवामान विभागाचीही देशभर अशी ठाणी आहेत, त्यांतली दोन नागपूर आणि पुण्याची. या मोजमापातून आपल्याकडची एक खास गोष्ट दिसली. युरोपात धुरामुळं पाऊस आंबट झाला, तळी आणि जंगलं खराब झाली. आपल्याकडं धूर वाढला तरी पाऊस तितका आंबट झाला नाही, कारण आपल्या हवेत मातीची धूळ असते, धुळीत चुना असतो आणि चुना आंबटपणा मारतो. आपण धुळीला शिव्या देतो, पण तिनं इथं थोडं कामही केलं आहे. मात्र धुळीनं आंबटपणा मरतो, नत्र मरत नाही. ते खाली पडतंच.

सगळ्यात बारीक मोजमाप झालं ते युरोपातल्या सुईच्या पानांच्या जंगलात. आपल्या हिमालयात चीड आणि देवदार असतात, तसली झाडं. त्याच जंगलात का? कारण ही झाडं बहुतेक बारा महिने हिरवी असतात आणि त्यांच्या लाखो सुया हवा विंचरतात. फणीत केस अडकावेत तसं धुक्यातलं आणि वाऱ्यातलं नत्र सुयांवर अडकतं. पाऊस आला की सगळं धुऊन झाडाखाली पडतं. म्हणून उघड्या रानातल्या डब्यात जेवढं नत्र सापडतं त्यापेक्षा झाडाखालच्या डब्यात कितीतरी जास्त सापडतं. या दोहोंतल्या फरकावरून झाडानं हवेतून किती ओढलं ते कळतं.

झाडाखाली मोजणं अवघड असतं. एका फांदीखाली धार लागते, दुसरीखाली कोरडं राहतं. एका बाईच्या हजेरीवरून आपण गटाची हजेरी लावत नाही, तसंच एका डब्यावरून जंगलाचा हिशेब लागत नाही. म्हणून वीस-वीस, पंचवीस-पंचवीस डबे मांडतात किंवा झाडाखाली लांब पन्हळी लावतात. दूरच्या डोंगरात दर आठवड्याला जाणं जमत नाही, तिथं दुसरी युक्ती करतात. नरसाळ्याखाली नळी बसवतात आणि नळीत राळेचे बारीक मणी भरतात. पाणी मण्यांतून निघून जातं, नत्र मण्यांना चिकटून राहतं. चार-सहा महिन्यांनी जाऊन नळी आणायची, मणी धुवायचे आणि नत्र मोजायचं. दर आठवड्याला थोडं थोडं साठवून वर्षाखेरीस वाटप करतो, तशीच ही बचत.

एवढा खटाटोप कशासाठी? नेदरलँड्स नावाचा छोटासा देश आहे. तिथं गाई, डुकरं, कोंबड्या प्रचंड. जागा कमी, जनावरं जास्त आणि शेण-मूत्राचा डोंगर. त्यातून उडालेला अमोनिया शेजारच्या पाइनच्या जंगलावर पडू लागला. मोजलं तेव्हा काही ठिकाणी हेक्टरी, वर्षाला, ४० किलोपेक्षा जास्त नत्र निघालं. म्हणजे एकरी सोळा किलोच्या वर, कुणी एक दाणा युरिया न टाकता. तुम्ही म्हणाल, फुकटचं खत, बरंच झालं. पण जंगलाला एवढं पचत नाही. नत्र वाढलं, बाकीची द्रव्यं तेवढीच राहिली. सुया पिवळ्या पडल्या, रोग वाढले, जमिनीवरच्या कमी खतात जगणाऱ्या वनस्पती जाऊन नुसतं गवत माजलं. रोज फक्त साखर खाणाऱ्या लेकरासारखं झालं. अंग फुगतं, ताकद येत नाही. आणि झाडांना न पचलेलं नत्र नायट्रेट होऊन जमिनीखालच्या पाण्यात उतरलं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथं एक प्रयोग केला. पाइनच्या जंगलात, झाडांच्या शेंड्याखाली, आरपार दिसणारं छप्पर घातलं. वरून येणारं नत्राचं पाणी छपरावर अडवलं आणि खाली तेवढंच स्वच्छ पाणी शिंपडलं. काही वर्षांतच मुळांखाली झिरपणाऱ्या पाण्यातलं नायट्रेट खूप कमी झालं. वरून टाकणं थांबवलं तर खालचं पाणी सुधारतं, हे त्यातून दिसलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या कामाची आहे.

पुढं २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं सांगितलं की नत्राचा हिशेब नीट लागत नाही तोवर नवीन परवाने देता येणार नाहीत. हजारो बांधकामं आणि गोठ्यांची कामं अडकली आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्यांचाही राग समजतो. आधी जनावरं वाढवा म्हणून सांगितलं, मग एका दिवसात थांबा म्हणाले. वेळीच मोजून वेळीच थोडं थोडं आवरलं असतं तर एवढं ताणलं नसतं.

आता आपल्या गावात येऊ. आपल्याकडं पाइनचं जंगल नाही, डुकरांचे कारखाने नाहीत. पण नत्र उडण्याच्या जागा आहेत. पहिली जागा युरियाची. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीची, खारट अंगाची. अशा मातीवर, उन्हात, ओल कमी असताना युरिया वरून फेकला की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. दिसत नाही, पण वास घेतला तर कळतो. जगभरचा अनुभव असा की टाकलेल्या नत्रातलं पिकाच्या पोटात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी जातं. गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना, सरकार वरचे पैसे भरतं म्हणून स्वस्त वाटते. पण ती डोक्यावर वाहून नेणं, तासातासानं टाकणं ही मजुरी आपलीच असते. कमरेत वाकून टाकलेलं निम्मं हवेत आणि पाण्यात गेलं तर ती मजुरीही तिकडंच गेली.

दुसरी जागा गोठ्याची आणि उकिरड्याची. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्याला झोंबतं ना, तो अमोनिया. म्हणजे खत नाकावाटे निघून चाललं आहे. तिसरी जागा जाळण्याची. पऱ्हाट्या, उसाचं पाचट, तुराट्या, धसकटं पेटवली की त्यातलं नत्र धुरात जातं. अंबड-घनसावंगीकडं पाचट पेटतं तेव्हा रात्री आभाळ लाल दिसतं. तो उजेड आपल्याच रानातल्या खताचा असतो.

हवेत गेलेलं परत येतं, पण आपल्याच रानात येईल याची खात्री नाही. आणि जमिनीत झिरपलेलं मात्र थेट विहिरीत, आडात, हापशात जातं. इथं आपला हिशेब गंभीर होतो. केंद्रीय भूजल मंडळानं २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल काढला. देशभर तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होतं. देशातल्या जास्त बाधित जिल्ह्यांच्या यादीत आपल्याला लागून असलेले बुलढाणा, बीड आणि जळगाव आहेत. पाण्याला जिल्ह्याची शीव कळत नाही.

पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलीग्रॅम नायट्रेट. आता पावसाशी तुलना करा. आपण मघाशी पावसात लिटरला एक मिलीग्रॅम नत्र धरलं होतं. ते सगळं नायट्रेटच्या रूपात असलं तरी साडेचार मिलीग्रॅमच्या आत राहतं. मर्यादेच्या दहाव्या हिश्शाएवढं. म्हणजे विहीर बिघडली असेल तर दोष पावसाचा नाही. दोष आपल्या युरियाचा, विहिरीच्या काठावरच्या उकिरड्याचा, जवळ खणलेल्या शौचालयाच्या खड्ड्याचा आणि सांडपाण्याचा.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. धोका सगळ्यात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. अशा पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध बाळाला पाजलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. ओठ आणि नखं निळसर पडतात. असं दिसलं तर क्षणाचाही वेळ न घालवता बाळाला दवाखान्यात न्यायचं.

आणि हे नीट ऐका, कारण इथं बऱ्याच जणींची गल्लत होते. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, ते बरोबर आहे. पण उकळल्यानं नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. तुरटी फिरवून जात नाही, कपड्यानं गाळून जात नाही, क्लोरीनच्या औषधानंही जात नाही. म्हणून सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, ही जी आशाताई सांगते ती गोष्ट आपल्या भागात दुप्पट महत्त्वाची आहे. वरचं दूध द्यावंच लागत असेल तर त्यासाठीचं पाणी तपासलेलंच हवं.

तपासायचं कसं? इथं आपण बायाच पुढं आहोत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवायचं, असं ठरलेलं आहे. पेटी असते, त्यात छोट्या नळ्या आणि औषधं असतात. पाण्याचा रंग बदलतो, तो तक्त्यावरच्या रंगाशी जुळवायचा, नायट्रेटचा अंदाज लगेच मिळतो. तुमच्या गावात ती पेटी कुठं आहे, ग्रामपंचायतीत कपाटात बंद आहे की वापरात आहे, एवढं आधी विचारा. रंग गडद आला तर नमुना स्वच्छ बाटलीत भरून सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवायला ग्रामसेवक आणि जलसुरक्षकाला सांगा. दोनदा तपासा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, कारण झिरपा झाला की आकडा बदलतो.

तपासणीचा शेतीला एक फायदा आहे, तो ऐकला तर घरातली माणसंही कान देतील. समजा, तुमच्या विहिरीत लिटरला ९० मिलीग्रॅम नायट्रेट निघालं. त्यात शुद्ध नत्र असतं २० मिलीग्रॅम. एका एकराला पाण्याची एक पाळी दिली, दोन इंच पाणी धरा, तर ते होतं साधारण दोन लाख लिटर. त्यासोबत गेलं चार किलो नत्र. तीन पाळ्या दिल्या तर १२ किलो. म्हणजे युरियाच्या अर्ध्या गोणीपेक्षा जास्त खत तुमची मोटरच टाकते आहे, आणि तुम्ही वरून पुन्हा गोणी विकत आणता. पिण्यासाठी जे पाणी धोक्याचं, तेच पिकासाठी खत आहे. पीक ते नत्र उचलून घेतं आणि तेवढं विहिरीतून कमी होतं. मात्र त्या बदल्यात गोणी कमी केली तरच. ही कपात मनानं करू नका. माती आणि पाणी दोन्हीचे तपासणीचे कागद घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडं जा आणि विचारून ठरवा.

आता आपल्या गटांनी काय करायचं, ते मोजकं सांगते. मासिक बैठकीच्या वहीत शेवटचं एक पान नत्राचं ठेवा. त्यात चारच रकाने करा. कोणत्या तारखेला, कोणत्या पिकाला, किती युरिया टाकला आणि त्यानंतर पाऊस किंवा पाणी किती दिवसांनी मिळालं. पाऊस मोजायला सरळ उभ्या बाजूचा डबा चालतो, तोंड आणि बूड सारखं असलेला. उघड्यावर खांबाला बांधा, पट्टी बुडवून जमलेलं पाणी मिलीमीटरमध्ये मोजा. युरिया टाकल्यावर एक-दोन दिवसांत दहा-बारा मिलीमीटरची सर आली किंवा हलकं पाणी दिलं तर युरिया मातीत उतरतो, उडत नाही. चार-पाच दिवस कोरडे गेले तर बराचसा उडालेला असतो. ढगफुटीसारखा पाऊस झाला तर वाहून किंवा झिरपून गेलेला असतो. एका हंगामाचं पान भरलं की कुणाचं किती वाया गेलं ते आपोआप दिसेल. मग भांडणाची गरज नाही, वही बोलेल.

युरिया फेकू नका, तासात मुळाजवळ टाकून मातीनं झाका. झाकण्यानं उडणं खूप कमी होतं. एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या. सोयाबीन आणि तुरीला शिफारशीपेक्षा जास्त युरिया टाकू नका, कारण फुकटचा युरिया मिळाला की मुळांवरच्या गाठी काम सोडतात. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळायचं काम आपल्याच हातचं आहे, ते चुकवू नका.

उकिरडा विहिरीपासून आणि हापशापासून लांब न्या. त्याला सावली करा, वर माती किंवा पालापाचोळ्याचा थर द्या. गोठ्यात मुताच्या जागी कोरडी माती किंवा भुसा टाका आणि दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात लोटा. डोळ्याला झोंबणं कमी झालं की समजा खत वाचलं. पऱ्हाटी आणि पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून रानातच पसरा. आणि ज्यांच्याकडं पत्र्याचं छप्पर आहे त्यांनी पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत धरा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, पत्रा धुऊन निघू द्या. नंतरच्या पाण्यात नायट्रेट नावापुरतं असतं. जंतूंसाठी ते पाणी उकळून घ्या, म्हणजे बाळंतिणीला आणि लेकराला चालेल.

मैत्रिणींनो, गट सुरू केले तेव्हा गावात लोक म्हणायचे, या बाया वह्या लिहून काय करणार? आज त्याच वह्यांवर बँक कर्ज देते. पैशाचा हिशेब आपण शिकलो, आता पाण्याचा आणि खताचा शिकू. येत्या बैठकीत हप्ता आणि बचत झाली की एकच ठराव करा. गावातल्या ज्या पाण्यावर बाळंतीण आणि लहान लेकरं आहेत, त्या प्रत्येक पाण्याची नायट्रेट तपासणी महिन्याभरात करायची आणि आकडा वहीत तारखेसह लिहायचा. आकडा काय आला, ते रेडिओ केंद्रावर कळवा. सगळ्या गावांचे आकडे जमले की पुढच्या भागात ते वाचून दाखवीन.